थांब म्हटल्यावर थांबतो का?

यवतमाळ जिल्ह्यातल्या एका गावातून एका आईने विचारलं आहे: "मुलगा साडेचार वर्षांचा आहे. अंगणवाडीत पाच मिनिटं बसत नाही, दुसऱ्यांच्या ताटलीतलं उचलतो. दोनदा पडून टाके पडले. परवा फवारणीच्या औषधाच्या डब्याचं झाकण उघडून बसला होता. मोबाइल दिला की मात्र तासभर हलत नाही. नागपूरची नणंद म्हणते एडीएचडी आहे, लवकर दाखवा. सासूबाई म्हणतात, याचा बाप बी असाच होता, काही होत नाही. कोणाचं ऐकू? औषध द्यावंच लागतं का?"

ताई, दोघींचंही ऐका. नणंदबाईंचं यासाठी, की दाखवून घेतल्याने काही बिघडत नाही. आणि सासूबाईंचं यासाठी, की जे आम्हाला खोदून खोदून विचारावं लागतं ते त्यांनी एका वाक्यात सांगून टाकलं. एडीएचडी म्हणजे अतिचंचलता, आणि ती घराण्यातून येते. उंची आईबापांवर जाते, तशीच बरीचशी हीसुद्धा. मी तालुक्याच्या गावी बालरोगतज्ज्ञ म्हणून वीसेक वर्षं बसतो. एखादं लेकरू माझ्या टेबलावर चढायला लागलं की मी हळूच बापाकडे बघतो. बऱ्याचदा तो खुर्चीच्या टोकावर बसून गुडघा हलवत असतो आणि मोटरसायकलची किल्ली बोटावर गरगर फिरवत असतो. सासूबाईंचं "काही होत नाही" तेवढं मात्र सोडून द्या. त्यांच्या लेकाची शाळा कितवीत सुटली, मास्तरांचा मार किती खाल्ला, हात किती वेळा मोडला, हे त्यांना निवांत बसून विचारा. चहा पिता पिता सगळं सांगतील.

आता मोबाइलचं, कारण त्यावरूनच घराघरात भांडण होतं. "मोबाइलवर तासभर बसतो, म्हणजे लक्ष आहे, मुद्दाम करतो," असं बाप म्हणतो. तसं नाही. एडीएचडीच्या इंग्रजी नावातल्या 'लक्षाची कमतरता' या शब्दांनीच घोळ केला आहे. लक्ष असतं, भरपूर असतं, पण त्याचा कासरा लेकराच्या हातात नसतो. मोबाइलवर दर दोन सेकंदाला नवीन चित्र, नवीन आवाज येतो. तिथे लक्ष धरून ठेवायची गरजच पडत नाही, मोबाइलच त्याला धरून ठेवतो. म्हणून मोबाइलवर बसणारं मूल चंचल नाही असं म्हणता येत नाही. आणि मोबाइलमुळेच हे झालं असंही नाही. लंडनच्या जॉर्ज स्टिल नावाच्या बालरोगतज्ज्ञाने १९०२ साली अशाच मुलांबद्दल व्याख्यानं दिली होती, तेव्हा कुठला आला मोबाइल. झोप मोडणं, बोलणं मागे पडणं हे त्याचे तोटे खरे आहेत, पण तो वेगळा विषय.

साडेचार वर्षांचं पोट्टं पळणारच. खेड्यात तर जास्तच पळतं, कारण त्याला जागा असते. अंगण, धुरा, देवळाचा ओटा, शेजारच्यांचा गोठा, सगळं त्याचंच. नागपूरच्या दोन खोल्यांत जे मूल 'हायपर' ठरेल ते तुमच्या गावात नुसतं 'खेळतं लेकरू' असू शकतं. याची उलट बाजूही आहे. मोकळ्या अंगणात खरी चंचलता लपून राहते आणि पहिलीत बाकावर बसवल्यावर अचानक वर येते. आपल्याकडे शाळा जूनच्या शेवटी उघडतात, गुरुजींना मूल ओळखायला दोनेक महिने लागतात, आणि पोळा झाला की माझ्याकडे अशा मुलांची रांग लागते.

म्हणून किती पळतो हे मी विचारतच नाही. थांब म्हटल्यावर थांबतो का, हे विचारतो.

गावातली पंगत आठवा. पत्रावळ पडली आहे, बुंदी वाढून झाली आहे, भात यायचा आहे. साडेचार वर्षांचं कोणतंही मूल बुंदीकडे हात नेणार. पण बहुतेकांचा हात अर्ध्या वाटेवर क्षणभर थांबतो. ते आईकडे बघतं. आईने डोळे मोठे केले की हात मागे येतो, किंवा एकच दाणा उचलून पटकन तोंडात जातो. तो अर्धा क्षण आणि आईकडे टाकलेली ती नजर, तेच मेंदूचं ब्रेक. ज्या मुलाची मला काळजी वाटते त्याच्यात तो अर्धा क्षण येतच नाही. आपली बुंदी संपते, शेजारच्या पत्रावळीतली संपते, कोणी ओरडायच्या आत ते पंगतीतून पलीकडे पळालेलं असतं. धपाटा बसला की खरंखुरं रडतं, "आता नाही करणार" म्हणतं आणि पुढच्या लग्नात तेच करतं. लबाडी नसते त्यात. तान्ह्या पोळ्याला लाकडी बैल घेऊन रांगेत उभं राहायचं असतं ना, तिथेही बघा. बाकीची पोरं कंटाळतात, ढकलाढकली करतात, पण बक्षीस मिळेपर्यंत रांगेत राहतात. हा बैल टाकून भोंग्याजवळ पोहोचलेला असतो.

आणखी काही गोष्टी मी बघतो. खेळणं हातात घेतो, मिनिटभर खेळतो, टाकतो, दुसरं घेतो. एकही खेळ शेवटापर्यंत जात नाही. जेवताना चार घास, मग अंगणात, मग दोन घास. "चप्पल आत ठेव आणि गडू घेऊन ये" म्हटलं की चप्पल ठेवतो आणि गडू विसरतो. एखाद्या दिवशी नाही, रोजच. प्रश्न पुरा व्हायच्या आत उत्तर देतो. अंगावर खुणा असतात: भुवईवर टाके, हनुवटीवर टाके, कोपरावर जुना व्रण. तुम्ही लिहिलेले ते दोन वेळचे टाके आणि औषधाचा डबा, हे मला अंगणवाडीत न बसण्यापेक्षा जास्त महत्त्वाचे वाटतात.

नियम म्हणाल तर आमच्या निदानाच्या पुस्तकात अठरा लक्षणं आहेत: नऊ लक्ष टिकण्याची, नऊ चळवळीची आणि उतावळेपणाची. मुलांमध्ये एका गटातली कमीत कमी सहा हवीत, ती सहा महिने सलग हवीत, वयाच्या मानाने जास्त हवीत, बारा वर्षांच्या आत सुरू झालेली हवीत आणि किमान दोन ठिकाणी दिसायला हवीत. फक्त अंगणवाडीत त्रास आणि घरी सुतासारखा सरळ, तर आधी अंगणवाडीत काय चाललंय ते बघायचं. फक्त घरी त्रास, तर घरात काय चाललंय ते. आणि या सगळ्यामुळे त्याचं काहीतरी अडत असायला हवं: शिकणं, खेळगडी, जिवाची सुरक्षितता. चार वर्षांच्या आत मी हे नाव कोणालाच लावत नाही. चार ते सहा या वयात लावतो, पण जपून.

जगभरात शंभरातल्या साधारण पाच मुलांना हा त्रास असतो, म्हणजे पंचवीस-तीस मुलांच्या अंगणवाडीत एखादं. सेविका जर म्हणाल्या की "पाच-सहा पोरं अशीच आहेत वो," तर बहुधा दोष पोरांत नाही, खोली लहान आहे किंवा खिचडीला उशीर होतोय. त्यांना एवढंच विचारा: याच्याच वयाच्या मुलांत हा वेगळा दिसतो का? वयाचं मुद्दाम म्हणतोय. वर्गातली सर्वांत लहान मुलं एडीएचडीची म्हणून जास्त पकडली जातात, हे अनेक देशांत दिसलं आहे. साडेपाचचं मूल साडेसहाच्या शेजारी बसवलं तर ते चंचल दिसणारच. आमच्या पिढीत गुरुजी सगळ्यांचीच जन्मतारीख १ जुलै लिहून मोकळे व्हायचे, त्यामुळे लहान कोण आणि मोठा कोण हे कळायची सोयच नव्हती. तुम्ही जन्माच्या दाखल्यावरची तारीख बघा.

आता एक चूक सांगतो, माझी स्वतःची. बऱ्याच वर्षांपूर्वी सहा वर्षांचा एक मुलगा आला होता. बोलावलं तर ऐकत नाही, सांगितलेलं विसरतो, वर्गात उठून फिरतो. मी दोन भेटींत अतिचंचलता लिहून मोकळा झालो. तिसऱ्या भेटीला त्याची आजी आली आणि म्हणाली, "डॉक्टर, त्याच्या कानातून पाणी येते ना, उशी वली होते." दोन्ही कान फुटलेले होते. त्याला अर्धंच ऐकू येत होतं. उरलेलं तो उठून, जवळ जाऊन, बघून समजून घ्यायचा. मी त्याच्या कानात बघितलंच नव्हतं. तेव्हापासून कान बघितल्याशिवाय मी या विषयावर तोंड उघडत नाही.

कानासारखीच आणखी काही सोंगं आहेत. झोप हे त्यातलं मोठं. रात्री तोंड उघडं टाकून घोरत असेल, घामाघूम होऊन कुशी बदलत असेल, तर टॉन्सिल किंवा नाकामागची गाठ वाढलेली असू शकते. मोठा माणूस झोप झाली नाही की पेंगतो, लहान मूल चेकाळतं. रात्री ढुंगण खाजवत उठत असेल तर जंत. माती, खडू, भिंतीचा पोपडा खात असेल तर रक्त कमी, आणि लोह कमी असलेलं मूल चिडचिडं आणि अस्थिर असतं. आपल्या विदर्भात सिकलसेलची, म्हणजे घराण्यातून येणाऱ्या रक्ताच्या आजाराची, तपासणी तर करायलाच हवी. त्यात कोणाच्या लक्षात न येता मेंदूचा छोटा भाग दुखावू शकतो आणि वरून दिसतं एवढंच की मुलाचं लक्ष नाही. घास चावता चावता दहा सेकंद थिजतो, डोळे कोरे होतात आणि मग काही झालंच नाही असा पुढे चावू लागतो, असं दिसलं तर ती फिट असू शकते. मोबाइलवर व्हिडिओ काढा आणि लगेच दाखवा. अडीच-तीन वर्षांपर्यंत बोलणंच आलं नव्हतं, नावाने हाक मारली तर बघत नाही, नजर देत नाही, असं असेल तर ती स्वमग्नता असू शकते, तिचा मार्ग वेगळा आहे.

भाषा हे कारण पुस्तकात ठळक सापडत नाही, पण आपल्याकडे आहे. एका पोडावरचा, म्हणजे कोलामांच्या वस्तीवरचा, कोलामी बोलणारा मुलगा माझ्याकडे 'लक्ष नाही' म्हणून पाठवला होता. अंगणवाडीत सगळं मराठीतून. गोष्ट सुरू झाली की हा उठून दाराशी जाऊन बसायचा. त्याच्या मोठ्या बहिणीला मी तीच गोष्ट कोलामीत सांगायला लावली, तर पोरगा तिच्या गुडघ्याला चिकटून शेवटपर्यंत ऐकत राहिला. गोंडी किंवा बंजारा बोलणाऱ्या घरांतही हे बघायला हवं. तुमच्या घरी कोणती भाषा चालते, तुम्ही लिहिलं नाही.

आणि घर. हे लिहायला अवघड जातं. बाप पिऊन येतो, आईला मार बसतो, कर्जाच्या वसुलीला माणसं येतात, घरात कोणी औषध पिऊन गेलेलं असतं. अशा घरातलं मूलही एका जागी बसत नाही, दार वाजलं की दचकतं, रात्री झोपत नाही. त्याची ती अस्थिरता भीतीची असते. तिला एडीएचडी म्हटलं की घरातला खरा माणूस सुटतो आणि शिक्षा लेकराला होते. तुमच्याकडे असं काही असेल तर चारचौघांत नका सांगू, आत आल्यावर सांगा.

मुलींचं दोन ओळींत सांगतो, कारण त्यांना माझ्याकडे कोणी आणतच नाही. मुलींमध्ये बऱ्याचदा पळापळ नसते. ती खिडकीशी बसून बाहेर बघते, पाटी अर्धी सोडते, चप्पल हरवते, "वेंधळी आहे" म्हणून घरात सगळ्यांनी मान्य केलेलं असतं. वर्गात त्रास देत नाही म्हणून पाचवी-सहावीपर्यंत कोणाच्या ध्यानात येत नाही. घरात दुसरी लहान मुलगी असेल तर तिच्याकडेही बघा.

आता काय करायचं. एक चाळीस पानी वही घ्या. महिनाभर रोज दोन ओळी लिहा: आज कुठे थांबला नाही, कुठे थांबला, रात्री किती वाजता झोपला. सेविकाताईंनाही आठवड्यातून एकदा त्यात लिहायला सांगा. ही वही माझ्यासाठी कोणत्याही स्कॅनपेक्षा मोठी आहे. दवाखान्यात मूल नवीन जागेला बिचकून गाईसारखं गरीब बसतं आणि आई खोटी पडते, असं कितीदा होतं. रक्ताची, ईईजीची किंवा एमआरआयची अशी कोणतीही तपासणी नाही जी एडीएचडी आहे की नाही हे सांगेल. 'मेंदूचा फोटो' काढून निदान करून देतो म्हणणाऱ्याला नमस्कार करून उठा. स्मरणशक्तीच्या सिरपवर आणि गंड्यादोऱ्यावर पैसे घालू नका; तेवढ्या पैशांत अंडी आणि शेंगदाणे येतात.

दाखवायचं कुठे? राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक, आपण ज्याला आरबीएसके म्हणतो, ते अंगणवाडीत वर्षातून दोनदा येतं. २०१३ मध्ये सुरू झालेल्या या कार्यक्रमाच्या यादीत विकासातले दोष आहेत, त्यात एडीएचडीसुद्धा आहे. नुसतं वजन-उंची करून ते निघाले तर त्यांना थांबवून ही वही दाखवा. ते जिल्हा रुग्णालयातल्या डीईआयसीत, म्हणजे लहान मुलांच्या विकासासाठीच्या केंद्रात पाठवू शकतात. यवतमाळच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात, सेवाग्रामला आणि नागपूरला बालरोग आणि मानसोपचार हे दोन्ही विभाग आहेत. आणखी एक: दिव्यांगांच्या २०१६ च्या कायद्यात जे एकवीस प्रकार आहेत त्यात स्वमग्नता आहे, शिकण्यातली विशिष्ट अक्षमता आहे, पण एडीएचडीचं वेगळं नाव नाही. "प्रमाणपत्र काढून देतो" म्हणत कोणी पैसे मागत असेल तर देऊ नका.

औषधाचं विचारलंत. या वयात पहिला उपाय औषध नाही. अमेरिकन बालरोग संघटनेच्या २०१९ च्या मार्गदर्शक सूचनाही चार ते सहा वर्षांच्या मुलांसाठी आधी आईबापांचं प्रशिक्षण सांगतात. त्याने पुरेसा फरक पडला नाही आणि त्रास मोठा असला तरच गोळी. सहाच्या पुढे गरज पडली तर मिथिलफेनिडेट नावाचं औषध आहे आणि दहातल्या साधारण सात मुलांना त्याने फरक पडतो. त्याने मूल वेडं होत नाही, सांगितल्याप्रमाणे दिलं तर सहसा व्यसनही लागत नाही, पण भूक कमी होते. आपल्याकडची बरीच मुलं आधीच हडकुळी असतात, म्हणून वजन-उंची मोजल्याशिवाय मी ते सुरू करत नाही आणि सुरू केल्यावर वजनाचा काटा सोडत नाही. ते फक्त डॉक्टरांच्या चिठ्ठीवर मिळतं. शेजारणीच्या मुलाची गोळी आणून देऊ नका.

प्रशिक्षण म्हणजे मोठं काही नाही. चुलीपाशी बसून ओरडू नका, तो ऐकत नाही आणि तुमचा घसा बसतो. उठून जवळ जा, खांद्यावर हात ठेवा, नजर मिळाली की एकच गोष्ट सांगा. ती त्याने केली की त्याच क्षणी शाबासकी द्या. रात्री दिलेल्या शाबासकीचा या मुलांना उपयोग नाही, सकाळचं त्यांच्या लेखी मागच्या जन्मीचं असतं. बसायच्या आधी पळू द्या: अंगणवाडीत सोडण्याआधी विहिरीवरून छोटी बादली आणायची (तुमच्या सोबत, एकट्याने नाही), कोंबड्यांना दाणे टाकायचे. सेविकाताईंना सांगा की ताटल्या वाटायचं काम त्याला द्या. ज्याला उठायचंच आहे त्याला उठायचं कारण द्या. झोपायची वेळ एकच ठेवा, वेचणीचे दिवस असले तरी. माराने फरक पडत नाही, याचा पुरावा याच्या बापाकडे आहे. एक-दोन आठवड्यांत काही दिसणार नाही. दोन-तीन महिने धरा.

मोठा झाला की सुटेल का? काहींचं पुष्कळ कमी होतं, काहींचं मोठेपणीही राहतं. २००७ च्या एका अभ्यासात दिसलं की अशा मुलांच्या मेंदूची वरची साल नेहमीच्याच क्रमाने वाढते, फक्त साधारण तीन वर्षं उशिरा. हा आकडा वयातून सरळ वजा करायचा नाही, पण आईबापांना मी सांगतो, काही बाबतींत याला साडेचारचा समजू नका, तीनचा समजा. तीन वर्षांच्या मुलाला तुम्ही विहिरीपाशी एकटं सोडाल का?

तो फवारणीचा डबा आजच उचला. वहीची आणि पथकाची वाट त्यासाठी बघू नका. औषध, पंप आणि मोजायचं झाकण, तिन्ही कुलपात, शक्यतो घराबाहेर, आणि किल्ली त्याला दिसणार नाही अशा जागी. औषधाच्या रिकाम्या बाटलीत पाणी किंवा रॉकेल भरून ठेवत असाल तर ती फेका. विहिरीला कठडा नसेल तर काटेरी फांद्या तरी लावून घ्या. मग महिन्याने वही, जन्माचा दाखला आणि अंगणवाडीचं वजनाचं कार्ड घेऊन या. त्याच्या बाबांना घेऊन या. आणि जमलं तर सासूबाईंनाही.